अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलचं एवढं वेड का? आणि जुन्यांपैकी एकच पाहायची तर कोणती पाहू?

तुम्ही लिहिलंय की एनबीए नेहमी बघता, पण कॉलेजच्या मुलांचा सामना बघायला सत्तर हजार माणसं का जमतात ते कळत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

४ एप्रिल २०१६, ह्यूस्टन. व्हिलानोव्हा ७७, नॉर्थ कॅरोलायना ७४. मी हरलेल्यांच्या बाजूचा. आजही त्यांच्याच बाजूचा आहे, आणि तरीही हीच फायनल पाहा असं सांगतोय.

मी नॉर्थ कॅरोलायनात रॅलेच्या जवळ राहतो. इथे नवीन माणूस कामावर रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याला विचारतात, 'तू कुणाचा? कॅरोलायनाचा, ड्यूकचा की एनसी स्टेटचा?' तिन्ही विद्यापीठं एकमेकांपासून गाडीनं साधारण अर्ध्या तासाच्या अंतरात. 'कुणाचाच नाही' हे उत्तर चालत नाही. मी कॅरोलायनाचा झालो तो शेजारच्या आजोबांमुळे. निवृत्त शिक्षक. आमची मुलगी त्यांना मराठीतच 'आजोबा' म्हणते आणि ते त्या हाकेला ओ देतात. डीन स्मिथ हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. कॅरोलायनाच्या संघाला छत्तीस वर्षं घडवणारे हे प्रशिक्षक २०१५ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांनी संघात एक रीत घालून दिली होती: बास्केट झाली की ती करणाऱ्यानं ज्यानं पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. आजोबा म्हणायचे, 'बास्केट सगळे बघतात. पास बघायला शिक.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्पर्धेबद्दल थोडं. मार्चमध्ये देशभरातून ६८ संघ निवडतात. एकदा हरलात की घरी. एनबीएच्या फायनलमध्ये सातपैकी चार सामने जिंकायचे असतात, म्हणजे एखादी रात्र वाईट गेली तरी सावरायला जागा असते. इथे ती नाही. बहुतेक संघांना अजिंक्यपदासाठी ओळीनं सहा सामने जिंकावे लागतात. सहावा सामना सोमवारी रात्री, वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत संपतो. सगळं काही त्या चाळीस मिनिटांवर. म्हणूनच लहानसं कॉलेज मोठ्याला आडवं पाडतं, आणि म्हणूनच देशभर ऑफिसांत, शाळांत, चर्चमध्ये लोक कोण कुणाला हरवणार याचे तक्ते भरत बसतात. पूर्ण बरोबर तक्ता आजवर कुणाचा आल्याची खात्रीशीर नोंद नाही.

पण वेडाचं मोठं कारण माझ्या मते वेगळं आहे. ते मला त्या रात्री माझ्या आईनं विचारलेल्या एका साध्या प्रश्नामुळे कळलं.

आई तेव्हा सोलापूरहून आमच्याकडे आली होती. सोमवार, तिचा उपवास, म्हणून घरात साबुदाण्याची खिचडी. त्या वर्षी फायनल पहिल्यांदाच केबलवर, टीबीएसवर दाखवणार होते. आजोबांकडे नुसता अँटेना. जन्मभर त्यांनी घरच्या खुर्चीतून फायनल पाहिलेली. ते भाजक्या शेंगांची पिशवी घेऊन आमच्या दारात आले, थोडे संकोचूनच. आईनं त्यांना खिचडी दिली. शेंगदाण्याचं कूट त्यांना लगेच ओळखू आलं.

व्हिलानोव्हा हे फिलाडेल्फियाच्या बाजूचं कॅथलिक विद्यापीठ. त्यांचं आधीचं एकमेव अजिंक्यपद १९८५ चं. पण दोन दिवसांपूर्वी सेमीफायनलमध्ये त्यांनी ओक्लाहोमाला ९५-५१ असं धुतलं होतं, ४४ गुणांनी. फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या सामन्यांत, एवढा मोठा फरक आधी कधीच पडला नव्हता. आमचा संघ उंच, ताकदवान, बास्केटखाली दादा. लांबून नेम बसत नाही अशी त्याची ख्याती, आणि त्या रात्री नेमका तोच बसायला लागला: १७ पैकी ११ थ्री (लांबून मारलेली, तीन गुणांची बास्केट) आत. मध्यंतराला आपण ३९-३४ असे पुढे. ('आपण' लिहितोय, राहू दे.)

दुसऱ्या डावात व्हिलानोव्हानं सामना फिरवला. फिल बूथ नावाच्या राखीव खेळाडूनं २० गुण केले. शेवटची पाच-साडेपाच मिनिटं उरली तेव्हा आपण दहा गुणांनी मागे. आजोबा शेंगा सोलायचे थांबले होते.

मग मार्कस पेज. चौथ्या वर्षाचा मुलगा, म्हणजे कॉलेजसाठी हा त्याचा शेवटचा सामना. दहाचा फरक कमी करत करत संघ एकावर आला, तिकडे व्हिलानोव्हाच्या जॉश हार्टनं दोन फ्री थ्रो टाकले, ७४-७१. तेरा सेकंद. चेंडू पेजकडे आला. तो थ्रीसाठी उडाला, समोरचा खेळाडू अंगावर झेपावला. पेजनं हवेतच पाय आखडले, वर नेलेला चेंडू खाली घेतला, पुन्हा वर नेला आणि तोल गेलेल्या अंगानं फेकला. आत! ७४-७४. घड्याळात ४.७ सेकंद.

मी ओरडलो, मुलगी आत झोपली होती ती उठली. ती बास्केट मी नंतर किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. दर वेळी वाटतं, हा चेंडू आत जाणं शक्य नाही.

व्हिलानोव्हानं टाइमआउट घेतला. इथे एक गोष्ट बघायची आहे. टाइमआउट संपताना कोर्टाच्या मध्यभागी ओल होती. व्हिलानोव्हाचा सर्वांत उंच खेळाडू डॅनियल ओचेफू यानं फरशी पुसणाऱ्या मुलाच्या हातून मॉप घेतला आणि ती जागा स्वतः पुसली. कारण चार सेकंदांनंतर त्याला तिथेच उभं राहून आमच्या खेळाडूची वाट अडवायची होती, आणि पाय घसरला तर सगळं फिसकटणार होतं. फायनल, बरोबरी, ४.७ सेकंद, आणि हा पोरगा फरशी पुसतोय.

खेळी त्यांची रोजची. तिचं नावही 'नोव्हा'. प्रशिक्षक जे राइट ती सरावात सतत घोटून घेत. क्रिस जेंकिन्सनं बास्केटखालून चेंडू रायन आर्चिडियाकोनोकडे टाकला. हाही चौथ्या वर्षाचा. याचे आईवडील दोघंही व्हिलानोव्हातच शिकलेले. लहानपणापासून त्याला याच संघातून खेळायचं होतं. तो ड्रिबल करत निघाला, ओचेफूनं पुसलेल्या जागेवर स्क्रीन लावला, म्हणजे आमच्या खेळाडूची वाट अडवून उभा राहिला. सगळे डोळे आर्चिडियाकोनोवर. शेवटचा सामना, शेवटचे दोन सेकंद, चेंडू हातात, कोर्टाच्या पुढच्या भागात. कुणीही स्वतःच मारला असता, आणि कुणी बोलही लावला नसता.

त्यानं खालच्या हातानं अलगद पास दिला. मागून जेंकिन्स येत होता. ज्यानं सुरुवातीला चेंडू आत टाकला होता तोच, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. आमचा आयझया हिक्स हात वर करून धावला, उशीर झाला. जेंकिन्सनं उडी मारून थ्री फेकला. चेंडू हवेत असताना बझर वाजला, बोर्डाभोवती लाल दिवे लागले, आणि चेंडू जाळीतून खाली आला.

फायनल शेवटच्या बझरला थ्रीनं जिंकल्याचं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. पंचांनी व्हिडिओ तपासला, पण तोवर कागदाचे कपटे उडायला लागले होते. जे राइट मात्र जागचे हलले नाहीत. ओठांनी फक्त 'बँग' म्हणाले आणि दुसऱ्या प्रशिक्षकाशी हात मिळवायला चालू लागले.

आमच्या घरात कुणी बोलेना. मग आईनं विचारलं, "मग आता पुढची मॅच कधी?"

तिला क्रिकेट माहीत. एक हरलो तर पुढची असते, मालिका असते. मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं आई काय विचारतेय ते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'मार्कससाठी? पुढची नाही.'

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर हे आहे. एनबीएचा खेळाडू फायनल हरला तर पुढच्या वर्षी तोच सदरा घालून येतो. कॉलेजात चौथ्या वर्षाच्या मुलाला ते नाही. पेजनं २१ गुण केले, आयुष्यात एकदाच जमेल अशी बास्केट केली, आणि पाच सेकंदांत त्याचं कॉलेजचं खेळणं संपलं. त्या सत्तर हजारांत (नक्की आकडा ७४,३४०, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मधोमध चौथरा बांधून कोर्ट मांडतात) कित्येकांनी त्याला चार वर्षं वाढताना पाहिलं होतं. कुणी त्याच्याबरोबर वर्गात बसलेले, कुणी वीस-तीस वर्षांपूर्वी त्याच वसतिगृहात राहिलेले. एनबीएचा संघ शहर सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. तुम्ही जिथे शिकलात ते कॉलेज कुठे जात नाही.

आणि आर्चिडियाकोनोला याच रात्री, यापुढे काही नाही हे माहीत असताना, पास द्यावासा वाटला. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. त्या रात्री मला ते लागलं होतं, कारण चेंडू देण्याची ही शिकवण आमची, चॅपल हिलची (कॅरोलायनाचं विद्यापीठ याच गावात), असं मी मानत आलो होतो. सकाळी आजोबांनी कुंपणापाशी गाठलं. म्हणाले, डीन असते तर त्या पासाकडे बोट दाखवलं असतं.

त्यांच्यामुळे मग मी जुन्या फायनल त्याच नजरेनं पाहिल्या. १९८२, न्यू ऑर्लिन्स, कॅरोलायना ६३, जॉर्जटाउन ६२. मायकेल जॉर्डननं पहिल्या वर्षात असताना केलेली विजयी बास्केट सगळ्यांना ठाऊक आहे; त्याला तो पास देणारा जिमी ब्लॅक, चौथ्या वर्षाचा, किती जणांना आठवतो? आणि लगेच पुढच्या क्षणी जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउननं गडबडीत चेंडू चक्क कॅरोलायनाच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला. एक पास बरोबर, एक चुकलेला, आणि डीन स्मिथना पहिलं अजिंक्यपद. पुढच्या वर्षी एनसी स्टेटच्या डेरेक व्हिटनबर्गनं लांबून मारलेला चेंडू कमी पडला, तो लोरेंझो चार्ल्सनं हवेतच पकडून बझरच्या ठोक्याला आत कोंबला, ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध ५४-५२.

एक गोष्ट सांगायची राहिली. जेंकिन्सला किशोरवयापासून ज्या कुटुंबानं पालक होऊन वाढवलं, त्यांचा मुलगा नेट ब्रिट आमच्या संघात होता. त्या रात्री दोघं भाऊ समोरासमोरच्या बाकांवर. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, कॅरोलायना पुन्हा फायनलला आली आणि गोन्झागाला ७१-६५ असं हरवून जिंकली. ब्रिट तेव्हा चौथ्या वर्षाचा होता आणि जेंकिन्स प्रेक्षकांत, भावाच्या बाजूनं. मला त्या अजिंक्यपदाचा आनंद झाला, खूप झाला, पण पेज त्यात नव्हता.

आता काळ बदललाय. २०२१ पासून या मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात, २०२५ पासून विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या सामन्यांवर वाहिन्या आणि विद्यापीठं वर्षानुवर्षं कमावत होती. पण त्याच सुमारास कॉलेज बदलणं सोपं झालं, आणि एकाच ठिकाणी चार वर्षं काढणारा पेज किंवा आर्चिडियाकोनो दुर्मीळ होत चाललाय. त्याची हळहळ मला वाटते. मुलींच्या फायनलही पाहा. २०२४ ची आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना फायनल मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिली, आणि ती तेवढी तोलाचीही होती.

२०१६ चा पूर्ण सामना यूट्यूबवर सापडेल. शेवटच्या पाच सेकंदांची क्लिप पाहून थांबू नका. निदान दुसरा डाव अख्खा पाहा, म्हणजे पेजच्या बास्केटपर्यंत संघ किती मागून आला ते कळेल. टाइमआउटमध्ये ओचेफूच्या हातातला मॉप शोधा. आणि शेवटची खेळी दोनदा पाहा: पहिल्यांदा चेंडूकडे, दुसऱ्यांदा फक्त आर्चिडियाकोनोच्या हातांकडे.