शाकाहारी घरातल्या बोक्याला पौष्टिक काय द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात राहता, घर शाकाहारी, आठ महिन्यांचा बोका दूध-भाकरीवर वाढलाय आणि आता त्याला चांगलं काय द्यावं?

दूध-भाकरीवर त्याचं भागणार नाही. कुत्रा भाकरीवर बऱ्यापैकी निभावून नेतो, मांजर अस्सल मांसाहारी. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतून मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू कमजोर होतात. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधनातून हा हृदयाचा संबंध स्पष्ट झाला आणि मग कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. गाजर-भोपळ्यातून आपल्याला अ जीवनसत्त्व मिळतं, मांजराला तेही जमत नाही. दूध तर मोठेपणी बऱ्याच मांजरांना पचतच नाही, जुलाब होतात.

घरात मांस शिजत नाही म्हणून अडून राहू नका, तयार खाद्यावर मांजर उत्तम वाढतं. फक्त पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असेल तर तो नुसता खाऊ, जेवण नव्हे. तुमचा बोका अजून वर्षाचा नाही, तेव्हा 'किटन'चं घ्या आणि कोरड्या खाद्यात प्रथिनं निदान ३० टक्के आहेत ना, ते बघा. मोठ्या पोत्यातून सुटं मिळतं ते स्वस्त पडतं, पण त्यावर ना तारीख ना घटक, आणि आपल्याकडच्या उष्म्यात त्यातली चरबी खवट होते. मी ते घेत नाही. कुत्र्याचं खाद्य तर मुळीच नको.

आता पाण्याचं. माझ्या मते सोलापूरकरांनी याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. मांजर मुळातच पाणी कमी पितं. शिकारीच्या मांसातून त्याची बरीचशी गरज भागायची. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की नुसत्या दाण्यांवरच्या बोक्याची लघवी घट्ट होते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, ती तुंबायला वेळ लागत नाही. म्हणून रोज निदान एक वेळ ओलं द्या. उरलेलं तासाभरात उचला, उन्हाळ्यात ते लगेच आंबतं. पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब.

शेजारी कुणी प्रेमाने काळ्या रश्शातला मटणाचा तुकडा देऊ केला, तर हात जोडून नाही म्हणा. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मग ते रश्शातले असोत की आपल्या शेंगा चटणीतले. द्यायचंच तर बिनमिठाचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, तेही वरचं म्हणून. नुसत्या चिकनमधून पुरेसं कॅल्शियम मिळत नाही.

बदल एकदम करू नका. आठ-दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त करत न्या. रुसला तरी उपाशी ठेवू नका. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते. आणि रेतीत बसून जोर करतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात न्या.