लीफलेटमध्ये वरचा टाइल-थर दिसत नाही? झेड-इंडेक्स वाढवण्याआधी एक टाइल उघडून बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला: पुण्याजवळच्या एका गावाचा ड्रोनने काढलेला फोटो तुम्ही जीडॅल-टू-टाइल्स या प्रोग्रामने टाइल्समध्ये, म्हणजे छोट्या चौकोनी तुकड्यांत कापला. वेबपानावर नकाशे दाखवणाऱ्या लीफलेट लायब्ररीत खाली ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा, त्यावर ड्रोनचा थर आणि त्यावर गटांच्या हद्दी अशी मांडणी केली. ड्रोनचा थर मात्र दिसत नाही. झेड-इंडेक्स, म्हणजे कोणता थर वर हे ठरवणारा आकडा, १००० करूनही फरक पडला नाही. टाइल्सबरोबर आपोआप तयार झालेल्या पानात तोच थर व्यवस्थित दिसतो. शिवाय झूम १९ च्या पुढे गेलं की सगळा नकाशा करडा होतो.

ते आपोआप तयार झालेलं पान नीट चालतंय, म्हणजे टाइल्स चांगल्या कापल्या गेल्यात. थर खाली दबलेलाही नसावा, तो दुसरीकडेच गेलाय असं मला वाटतं. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या यादीत ड्रोनच्या थराची कोणतीही एक विनंती निवडा आणि तिचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा. चित्र आलं तरच थरांच्या क्रमाकडे वळायचं. ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही', असं आलं तर क्रमात काहीही बदलून उपयोग नाही, कारण वर आणायला चित्रच पोचलेलं नाही. कधी सर्व्हर २००, म्हणजे 'सगळं ठीक', म्हणतो आणि चित्राऐवजी मुख्य पानाचं एचटीएमएल पाठवतो, म्हणून कंटेंट-टाइप, म्हणजे आलेल्या फाइलचा प्रकारही बघा.

तुमच्याकडे ४०४ येत असणार आणि त्याचं कारण वाय हा आकडा. टाइलच्या पत्त्यात एक्स म्हणजे तिच्या स्तंभाचा क्रमांक आणि वाय म्हणजे ओळीचा. झूम ० ला सगळं जग २५६ पिक्सेलच्या एका टाइलमध्ये बसतं, पुढे प्रत्येक झूमला टाइल्स चौपट होतात. ओपनस्ट्रीटमॅप आणि गूगल वाय वरून, म्हणजे उत्तरेकडून मोजतात. टीएमएस (टाइल मॅप सर्व्हिस) या दुसऱ्या पद्धतीत तो खालून, दक्षिणेकडून मोजतात. जीडॅल-टू-टाइल्स काही सांगितलं नाही तर टीएमएस पद्धतीनेच फाइल्स ठेवतं. त्याने बनवलेल्या पानाला हे माहीत असतं, तुमच्या पानाला ते सांगावं लागतं.

पुणे शहराच्या मध्याचं उदाहरण घ्या. झूम १२ ला त्याची टाइल एक्स २८८८, वाय १८३३. टीएमएसमध्ये तीच टाइल वाय २२६२ वर असते, कारण झूम १२ ला ४०९६ ओळी असतात आणि ४०९५ वजा १८३३ म्हणजे २२६२. लीफलेट १८३३ मागतं, फोल्डरमध्ये आहे २२६२. खात्री करायची असेल तर नकाशा तुमच्या गावाच्याच रेखांशावर ठेवा आणि अक्षांशाला उणे चिन्ह द्या. हिंदी महासागरात, मॉरिशसच्या बऱ्याच पूर्वेला तुमचं गाव सापडेल. प्रत्येक टाइल सुलटी, पण ओळींचा क्रम उलटा, त्यामुळे रस्ते तुटक दिसतील. पाणलोटाच्या कामात गावाचे नाले नकाशावर दाखवताना मी पहिल्यांदा यात अडकलो, तेव्हा दोन दिवस फक्त झेड-इंडेक्स बदलत होतो. समुद्रात आमचा ओढा दिसला तेव्हा कोडं सुटलं.

उपाय एका ओळीचा आहे. टाइल-लेयरच्या पर्यायांत 'टीएमएस' ट्रू करा. नाहीतर टाइल्स पुन्हा कापताना 'एक्सवायझेड', म्हणजे वाय वरून मोजायचा पर्याय द्या. तो जीडॅल ३.१ पासून आहे. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर परत उलटं होईल.

आता १००० चा उपयोग का झाला नाही ते. लीफलेटमध्ये प्रत्येक प्रकारच्या गोष्टीचा एक 'पेन', म्हणजे कप्पा, आणि त्या कप्प्याचा झेड-इंडेक्स ठरलेला असतो: टाइल्सचा २००, रेषा आणि बहुभुजांचा ४००, मार्करचा ६००, पॉपअपचा ७००. टाइल-थराला दिलेला झेड-इंडेक्स फक्त टाइल्सच्या पेनमध्ये, इतर टाइल-थरांच्या तुलनेत मोजला जातो. म्हणजे १००० लिहिलं तरी ड्रोनचा फोटो गटांच्या हद्दींच्या वर येत नाही. तुम्हाला तसंही हद्दी वरच हव्यात, तेव्हा ड्रोनला २ पुरे. पुढे कधी गावांच्या नावांचा टाइल-थर बहुभुजांच्या वर हवा झाला तर ४५० चा नवा पेन तयार करा आणि त्याचे पॉइंटर-इव्हेंट्स नन करा, म्हणजे क्लिक खालच्या गटापर्यंत पोचेल.

झूम १९ नंतरचा करडेपणा हा वेगळा दोष आहे. टाइल-लेयरचा मॅक्सझूम, म्हणजे थर कुठल्या झूमपर्यंत दाखवायचा ती मर्यादा, मुद्दाम दिला नाही तर १८ असतो, त्यापुढे तो थर काढला जातो. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स १९ पर्यंतच मिळतात. झूम १८ ला एक पिक्सेल विषुववृत्तावर साधारण ६० सेंटिमीटरचा, २२ ला चारेक सेंटिमीटरचा. बांध आणि विहिरीचा कठडा ओळखू यायला ड्रोनचा फोटो २१-२२ पर्यंत कापलेला असतो. म्हणून दोन्ही थरांना मॅक्सझूम २२ द्या. तळाच्या थराला मॅक्सनेटिव्हझूम, म्हणजे खऱ्या टाइल्स जिथपर्यंत आहेत तो झूम, १९ द्या, ड्रोनला जिथपर्यंत कापलंय तो आकडा. मग १९ नंतर तळाची टाइल ताणून थोडी धूसर दिसेल, पण नकाशा रिकामा पडणार नाही. ड्रोनच्या थराला गावापुरते बाउंड्सही, म्हणजे सीमाही द्या, बाहेरच्या टाइल्स उगाच मागितल्या जाणार नाहीत.

गावाभोवती काळी किंवा पांढरी चौकट आली तर टाइल्स जेपीईजी आहेत का ते बघा, त्यात पारदर्शकता नसते. थर डब्ल्यूएमएसवरून, म्हणजे मागू त्या भागाचं नकाशा-चित्र बनवून देणाऱ्या सर्व्हरवरून येत असेल तर लीफलेट मुळात जेपीईजीच मागतं. तिथे फॉरमॅट पीएनजी आणि ट्रान्सपरंट ट्रू असं दोन्ही लिहावं लागतं. टाइल्स विखुरलेल्या दिसल्या तर लीफलेटची सीएसएस, म्हणजे मांडणी ठरवणारी फाइल लोड झालेली नाही. नकाशा लपलेल्या टॅबमध्ये उघडून एका कोपऱ्यातच भरत असेल तर टॅब उघडल्यावर नकाशाचा आकार पुन्हा मोजणारं इनव्हॅलिडेटसाइझ हे फंक्शन बोलवा.

गटांच्या हद्दी शेवटी तपासा, पण तपासा नक्की. ड्रोनचा थर जागेवर आल्यावर शेतकरी आपला बांध त्यावर शोधतील. विहिरीच्या कठड्यासारखी सहज ओळखू येणारी चार-पाच ठिकाणं दोन्ही थरांत जुळतात का ते पाहून मगच नकाशा गावात दाखवा.