वाचकांचे प्रश्न : वर्गाबाहेरच्या शाळेला पैसे कुठनं आणायचे?

मागच्या अंकात मी ओढ्याकाठच्या शाळेबद्दल, म्हणजे पोरांना वर्गाबाहेर नेऊन शिकवण्याबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यालाच देतोय. बहुतेकांचा प्रश्न एकच, पोरांना बाहेर न्यायचंय, पण पैसे? मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं शिक्षक होतो, शेवटची ९ मुख्याध्यापक, त्यामुळे जे सांगतोय ते फाइली हाताळून सांगतोय.

प्रश्न : मी खटाव तालुक्यातल्या झेडपी शाळेत शिक्षिका आहे. सातवीपर्यंत वर्ग, पट ६४. इको क्लबचे, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण मंडळाचे, पैसे येतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ३१ मार्चच्या आत संपवा म्हणतात. मागच्या वर्षी मार्चमध्ये ३५ रोपं आणली. मे संपेपर्यंत ४ उरली. पोरं रोज स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं पाणी घालत होती हो. यंदा काय करू?

ताई, तुमचं ते बाटलीतल्या पाण्याचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं थोडा वेळ. रोपं मेली त्यात तुमची चूक नाही, पोरांची तर अजिबात नाही, खटावात मार्चमध्ये लावलेलं रोप टँकरच्या पाण्यावर जगत नसतं. पण पैसे मार्चमध्ये आले म्हणून झाडं मार्चमध्येच लावली पाहिजेत असं कुठंच लिहिलेलं नाही, ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही कारण बिल फाडायची घाई असते.

आधी रकमा बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात युथ अँड इको क्लबसाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला १५ हजारांपर्यंत आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे, २०२४ पासून त्याला इको क्लब फॉर मिशन लाइफ असं नाव आलंय. तुमची शाळा सातवीपर्यंत, म्हणजे १५ हजारात बसते. शिवाय संयुक्त शाळा अनुदान वेगळं, ३१ ते १०० पटाला २५ हजार, पण त्यातनं लाइट बिल, खडू, दुरुस्ती सगळं चालतं आणि निदान १० टक्के स्वच्छतेवर घालावे लागतात, तर त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

आता मार्चमध्ये काय घ्यायचं? ज्याला पाणी लागत नाही ते घ्या. दहा-बारा भिंगं, एक बऱ्यापैकी दुर्बीण, एक तापमापक, एक मोजपट्टी आणि पर्जन्यमापक. पर्जन्यमापक तर घ्याच ताई. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास, हे पुस्तकात वाचून पोरांना काही वाटत नाही, पण जूनपासून रोज सकाळी साडेआठला स्वतः आकडा वहीत लिहिला आणि ऑगस्टमध्ये महाबळेश्वरचा आकडा पेपरात बघितला की ती आपोआप विचारतात, आमचं पाणी कुठं अडलं? तिथनं सह्याद्री, ढग, पर्जन्यछाया सगळं शिकवता येतं.

उरलेल्या पैशात खड्डे घ्या. एप्रिल-मेमध्ये खड्डे उन्हात तापू द्यायचे ही आपली जुनीच रीत आहे, आणि खड्ड्याची मजुरी, शेणखत, कुंपणाची जाळी हा सगळा खर्च मार्चमध्ये करता येतो. रोपं जुलैत सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतनं आणा, वनमहोत्सवात स्वस्तात मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे पोरांनीच रोपं करावीत. करंजाच्या शेंगा मार्च-एप्रिलात पडतात त्या वेचून ठेवायच्या, आणि पावसाच्या तोंडाला कडुनिंबाच्या निंबोळ्या मिळतील त्या मात्र लगेच दुधाच्या पिशवीत लावायच्या, निंबोळीचं बी चार-सहा आठवडे ठेवलं की उगवत नाही. हे मला एका सहावीच्या पोरीनं शिकवलं, तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं.

कागदाचं म्हणाल तर जूनमधल्या पहिल्याच शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये ठराव करून टाका, की इको क्लबचा निधी आल्यावर अमुक अमुक वस्तू घ्यायच्या. ठराव आधीचा असला की मार्चमध्ये तीन कोटेशनं घेऊन चार दिवसांत काम होतं. दुकानदार असा बघा ज्याचं नाव पीएफएमएसला, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन यंत्रणेला, आधीच जोडलंय, नाहीतर पैसे दिसत असूनही हातात येत नाहीत. भिंगं, दुर्बीण डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा पण कपाटात बंद करू नका. मी दुर्बीण मोडेल या भीतीनं दोन वर्षं कुलपात ठेवली होती, अजून वाईट वाटतं त्याचं.

आणि एक, ज्याला पैसाच लागत नाही. शाळेजवळची एकच जागा धरा, ओढा, विहीर, बांध काहीही, आणि दर शनिवारी तिथंच जा. आनंददायी शनिवार, पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचा दिवस, आहेच आता पहिली ते आठवीला. माझ्या शाळेमागं विहिरीवर झुकलेली एक बाभूळ होती, जुलै-ऑगस्टात सुगरणी यायच्या. सहा आठवडे चौथीची पोरं नुसती बघत होती, घरटी मोजत होती. सातव्या आठवड्यात एक पोरगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, "गुरुजी, सगळी घरटी उगवतीच्याच अंगाला का हायती?" मी पण तोवर बघितलं नव्हतं. मग पोरांनीच वारा कुठनं येतो ते धूळ उडवून बघितलं, तर पावसाळी वारा मावळतीकडनं, आणि घरटी झाडाच्या आडोशाला. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला हे तीनदा सांगितलं. एकदाच नेलं असतं तर पोरांनी घरटी बघितली असती, कुठल्या अंगाला आहेत ते दिसलं नसतं.

प्रश्न : आमची कराड तालुक्यात खासगी अनुदानित हायस्कूल चालवणारी संस्था आहे. आम्हाला वरचं कुठलंच अनुदान मिळत नाही. सीएसआरमधनं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतनं, निसर्ग शिक्षणाला पैसे मिळतील का? साखर कारखान्याला विचारावं का? – संस्थेचे सचिव

सचिवसाहेब, संयुक्त अनुदान सरकारी शाळांसाठीच आहे, त्यामुळे तुम्ही सीएसआरकडं वळलात हे बरोबरच. पण कारखान्याला पत्र लिहिताना आधी तो सहकारी आहे की खासगी ते बघा. सीएसआरचा नियम कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधला, तो कंपन्यांना लागू. सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे, ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था, तिच्यावर नफ्यातले २ टक्के खर्चायचं बंधन नाही. तिथं सीएसआर शब्द घालून पत्र दिलं तर ते टेबलावर पडून राहणार. चेअरमनना भेटून शाळेतल्या सभासदांच्या पोरांची यादी दाखवून मदत मागा, तो रस्ता वेगळा आणि तोही चांगला आहे.

कंपनीचं गणित असं. ५०० कोटींची नेटवर्थ किंवा हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, आणि कायद्यातच लिहिलंय की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही विषय त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेत. म्हणजे एमआयडीसीतली शेजारची कंपनी तुमची हक्काची नसली तरी पहिली विचारायची जागा नक्की आहे.

संस्थेच्या नावावर थेट पैसे हवे असतील तर आयकर खात्याकडची १२ ए आणि ८० जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या फॉर्मची कंपनी मंत्रालयाकडं नोंदणी लागते. ही कागदं नसतील तर थांबू नका, कंपनी स्वतः खर्च करून वस्तू देऊ शकते, बसचं भाडं भरू शकते, त्याला तुमची नोंदणी लागत नाही. आणि मार्चमध्ये जाऊ नका, वर्षाचा आराखडा बोर्डापुढं आधी जातो, तेव्हा जानेवारीत भेटून पुढच्या वर्षाचं बोला.

प्रस्तावाबद्दल जरा कळकळीनं सांगतो कारण मी असे पुष्कळ वाचलेत. दहा पानांत नऊ पानं ग्लोबल वॉर्मिंग आणि शेवटच्या पानावर पेव्हर ब्लॉक, कमान, डस्टबिन, भिंतीवर रंगवलेला वाघ. पोरगं कुठाय यात? दोन पानं लिहा. आठवीची ५२ मुलं, वर्षात ८ वेळा, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आणि शाळेमागच्या टेकडीवर, प्रत्येक वेळी काय मोजणार, काय लिहिणार, सोबत शिक्षक किती, बस कितीची, नाष्टा कितीचा. बस आणि नाष्टा लिहायला लाजू नका, बाहेरच्या शिक्षणाचा खरा खर्च तोच असतो आणि तोच कोणी मागत नाही. आमदार-खासदार निधी बांधकाम, साहित्य अशा टिकाऊ गोष्टींसाठी असतो, त्यातनं बस भाडं निघत नाही, म्हणून कंपनीकडं हेच मागायचं.

प्रस्तावाआधी शाळेचं ऑडिट पोरांकडनं करून घ्या. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या संस्थेचा ग्रीन स्कूल्स प्रोग्राम आहे, त्यात हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा असे सहा भाग मुलंच तपासतात. "आमच्या मुलांनी मोजलं, गळक्या नळानं रोज इतक्या बादल्या पाणी जातंय" हे वाक्य प्रस्तावात असलं की समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकून वाचतो.

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत सहावीत आहे. शाळेनं 'पर्यावरण सहल' म्हणून १८०० रुपये मागितलेत आणि नेणार आहेत वॉटर पार्कला. दोन पोरं, आम्हाला जड जातंय. काय बोलावं शाळेत? – एक आई

ताई, भांडायला जाऊ नका, पण पर्याय घेऊन नक्की जा, तोही पालक सभेत चार आयांना सोबत घेऊन. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलंय, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना आहेत, म्हणजे बाहेर जायला वेळ शाळेकडं आहे. वॉटर पार्कला पोरांनी मजा करावी, माझी ना नाही, फक्त त्याला पर्यावरण म्हणू नये आणि त्यापायी कुठलं पोर मागं राहू नये.

पर्याय म्हणून सागरेश्वर सुचवा. सांगलीपासून तासा-दीड तासावर, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आणि हे जंगल माणसांनी उभं केलंय. उघड्या बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी झाडं लावली, हरणं आणून सोडली, १९८५ मध्ये अभयारण्य झालं. पोरांना जंगल तुटल्याच्या गोष्टी रोज ऐकवतो आपण, जंगल झाल्याची गोष्ट चालत जाऊन बघता येईल अशी जागा तुमच्याच जिल्ह्यात आहे. एसटीत शैक्षणिक सहलीला ५० टक्के सवलत असते, शाळेला डेपोत अर्ज करायला सांगा.

आणि फुकटातली सहल हवी असेल तर ती तुमच्या गल्लीतच आहे. पुराच्या खुणा. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते घराघराच्या भिंतीवर आहे, कुणी रंगानं रेघ मारून ठेवलीय, कुठं नुसता मातकट पट्टा राहिलाय. मुलांनी टेप घेऊन दहा घरं मोजायची, आजीला विचारायचं की त्या रात्री आधी काय उचललं. मग आयर्विन पुलावर जाऊन पातळीचे आकडे बघायचे, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. मी एका शाळेबरोबर हे केलं तेव्हा एका मुलीनं स्वतःच्या घराच्या रेघेखाली उभी राहून बघितलं, रेघ तिच्या डोक्याच्या हातभर वर. ती काही बोलली नाही, तिनं मैत्रिणीला शेजारी उभं केलं आणि दोघींची उंची लिहून घेतली. एवढं मात्र पाळा, मुलांना घाटाच्या पायऱ्यांवर पाण्यापर्यंत नेऊ नका, कृष्णेत मगरी आहेत. पुलावरनं आणि रस्त्यावरनं सगळं दिसतं.

प्रश्न : मी जत तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. पंचायतीकडनं शाळेला असं काही करता येतं का?

येतं की दादा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला (२०२१ ते २०२६) ६० टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, होता, त्यात स्वच्छतेबरोबर पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं बसायचं. आता ते कुठल्या निधीत बसतं हे आधी विचारा, आणि शाळेच्या छताचं पाणी टाकीत घेण्याचा विषय ग्रामसभेत घ्या. टाकीला बाहेरनं एक उभी पारदर्शक नळी लावा, म्हणजे बाहेरनं पातळी दिसते आणि पोरं ती रोज लिहितात, खर्च थोडाच वाढतो.

दुसरं, तुमच्या पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ठिकाणी असावीच लागते. तिची लोकजैवविविधता नोंदवही कपाटात असेल. ती एक दिवस शाळेत न्या आणि सातवीच्या मुलांना विचारा यातली किती झाडं, किती पाखरं त्यांना माहीत आहेत आणि कुठली लिहायची राहिलीत. आमच्या भागात असंच केलं तेव्हा मेंढपाळाच्या पोरानं वहीत नसलेली गवतं सांगितली, नावानिशी, कुठलं मेंढरं आधी खातात आणि कुठलं शेवटी तेही. ग्रामसेवक तिथंच बसून लिहून घेत होते.