खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी टेस्ट किट: आधी कोणतं, मग कोणतं

भाऊ, दर्यापूरजवळच्या गावात क्लाऊनफिशची टाकी लावताय, त्यासाठी कोणतं किट घ्यावं आणि ग्रामपंचायतीतलं पाणी तपासायचं किट चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

जलजीवन मिशनचं ते किट टाकीतल्या पाण्याला चालणार नाही. ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. टाकीतलं पाणी समुद्रासारखं, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९ हजारांच्या घरात असतं.

टाकीत भरायचं, मीठ घालण्याआधीचं पाणी मात्र त्याच किटनं जरूर तपासून घ्या. गावातल्या ज्या महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण मिळालंय, त्या करून देतील. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारंच आहे, त्यात थोडं मीठ घातलं की झालं, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. पूर्णेच्या खोऱ्यातला खारेपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा, क्षारांचं प्रमाणच जुळत नाही. त्यात खतं, उकिरडे, शोषखड्डे यांमुळे विदर्भातल्या कितीतरी विहिरींत नायट्रेट असतं. आरओ बरंचसं काढतो, सगळं नाही. म्हणून जारचं पाणी आणलं तरी टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. आकडा शून्याच्या जवळ नसेल तर आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावावं लागेल.

आता खरेदी. सगळ्यात आधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र, आणि त्यासोबत ते जुळवायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण. साध्या पाण्यावर शून्य जुळवलं तरी ३५ ला आकडा चुकू शकतो, म्हणून द्रावणावरच जुळवा. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यानं टाकीचं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं. एप्रिल-मेमध्ये हे रीडिंग रोज घ्या आणि उडालेलं पाणी गोड्या आरओ पाण्यानंच भरा.

मग अमोनिया. यात काटकसर नको. पीएच ८.२ च्या आसपास आणि पाणी तापलेलं, अशा टाकीत अमोनियाचा विषारी भाग वाढतो. मासे सोडण्याआधी हे रीडिंग शून्य यायलाच हवं. त्यानंतर नायट्रेट आणि केएच (पाण्याची अल्कता, जी पीएच स्थिर ठेवते). नायट्राइटचं किट नसलं तरी चालेल, कारण खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांना त्याचा त्रास फार कमी होतो. फक्त टाकी सायकल होत असताना, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढत असताना, नायट्रेटच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, नायट्राइटमुळे तो फुगतो.

एपीआय कंपनीचं सॉल्टवॉटर मास्टर किट घेतलं तर पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एकाच डब्यात मिळतं. केएच वेगळं घ्यावं लागतं. त्यातली नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, नाहीतर तळाला बसलेला भाग थेंबात येतच नाही आणि रीडिंग खोटंच कमी दिसतं. रंग बघायचा तो दिवसाउजेडी, मागे पांढरा कागद धरून. पिवळट बल्बखाली हिरवा-पिवळा ओळखू येत नाही. पाण्यात बुडवायच्या टेस्टच्या पट्ट्या घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात डबी एकदा उघडली की त्या ओल धरतात.

केएचसाठी मला सॅलिफर्टचं किट आवडतं. सिरिंजनं थेंब-थेंब सोडत जायचं, निळसर हिरव्याचा रंग एकदम लालसर होतो, शंकेला जागा राहत नाही. किट बरोबर आहे का हे घरीच बघता येतं. सोनाराच्या काट्यावर ३ ग्रॅम खायचा सोडा तोलून घ्या, ताज्या पुडीतला. तो एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली काढून आणखी डिस्टिल्ड पाण्यानं एक लिटर करा. या पाण्याचं केएच १० डीकेएच (केएच मोजायचं एकक) यायला हवं. फारच वेगळं आलं तर किट जुनं झालंय किंवा उन्हात तापलंय.

तापण्याचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. मे महिन्यात पार्सल तालुक्याच्या कुरियर ऑफिसात पत्र्याखाली पडून राहतं, म्हणून ऑर्डर दिवाळीनंतर द्या. बाटली हातात आली की आधी एक्सपायरी वाचा. घरात मातीच्या भिंतीची थंड खोली असेल तर तिथल्या बंद कपाटात ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं.

कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेटची किटं आत्ता नकोत, ती प्रवाळ ठेवाल तेव्हा घ्या. बोअरचा आणि जारचा टीडीएस, शिवाय नायट्रेटचा आकडा कळवा, मग डीआय लागेल की नाही ते सांगतो.