स्पेनमध्ये चांगले स्थानिक जेवण कसे शोधावे आणि तिथल्या उशिराच्या वेळांशी कसे जुळवून घ्यावे?

दिवसाचे मुख्य जेवण दुपारी २ ते साडेतीनच्या दरम्यान घ्यावे, आणि तेही कामाच्या दिवशी, दाराशी ‘मेनू देल दिआ’ (दिवसाचा मेनू) असा खडूने लिहिलेला फळा असलेल्या, आसपासच्या नोकरदारांनी भरलेल्या साध्या खाणावळीत. या ठरावीक दराच्या जेवणात एकामागून एक दोन पदार्थ, पाव, बहुधा एखादे पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी असे सगळे येते. शिवाय फळा रोज पुसून नव्याने लिहिला जात असेल, तर त्या दिवशी बाजारातून आलेलेच ताटात पडण्याची शक्यता अधिक. चारच्या सुमारास बंद झालेले स्वयंपाकघर अनेक ठिकाणी साडेआठपर्यंत उघडत नाही, त्यामुळे दारात पाएयाची, म्हणजे केशर घातलेल्या स्पॅनिश भाताच्या पदार्थाची, छायाचित्रे लावून सायंकाळी सहालाच जेवायला बोलावणारे उपाहारगृह बहुधा पर्यटकांसाठीच असते. या उशिराचे एक कारण घड्याळातच आहे: १९४० पासून स्पेन पश्चिमेला असूनही मध्य युरोपची वेळ पाळतो, त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. मधली भूक बारमध्ये उभ्यानेच तोर्तियाच्या, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटच्या, तुकड्यावर भागवावी. दक्षिणेकडच्या ग्रानादा शहरात तर पेयासोबत तापा, म्हणजे छोटासा खाद्यपदार्थ, बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावे, कारण ‘सिन कार्ने’ (मांसाविना) एवढेच सांगितल्यास वाटाण्याच्या भाजीत हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे किंवा सॅलडवर ट्यूना मासा येऊ शकतो; म्हणून ‘नि हामोन, नि पेस्कादो’ (हामोन नको, मासाही नको) असे स्पष्ट सांगावे.