१९७२ ची एमजीबी: झेटेक इंजिन टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, त्यातली क्रोम बंपरवाली १९७२ ची रोडस्टर (उघडी, पक्क्या छताविना), ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) नाही, लेस्टरहून लंडनला जाईपर्यंत कान किटतात. म्हणून फोर्डचं झेटेक इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवायचा आहे. आणि निवृत्तीनंतर गाडी पुण्याला न्यायची आहे. या दोन इच्छा एकमेकींशी जुळत नाहीत.

आधी पुण्याचं. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आयात केलेलीसुद्धा. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. वयात तुमची गाडी बसते. झेटेक टाकलंत की बाद. (त्या नोंदणीवर रोज बाजारहाट करता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच, हेही लक्षात असू द्या.)

पुणं बाजूला ठेवलं तरी मी नकोच म्हणेन, आणि ते सोवळ्यापायी नाही. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, तुमची एक बदलल्याने कोणाचं काही बिघडत नाही. 'कारखान्यातून आली तशीच हवी' म्हणणाऱ्यांना मी केन कोस्टेलोची आठवण करून देतो. रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन एमजीबीत त्याने आधी बसवलं, मग १९७३ मध्ये कारखान्यानेच तशी जीटी (पक्क्या छताची एमजीबी) काढली! ३५२८ सीसी, पण अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे बिडाच्या जुन्या इंजिनापेक्षा जड नाही. अशा २५९१ च निघाल्या. तुमच्याकडे त्यातली असती तर एक स्क्रूही बदलू नका म्हणालो असतो.

माझी कसोटी एकच, केलेला बदल पुढच्या मालकाला उलटवता येईल का. झेटेकला माउंटिंग, वायरिंग, कूलिंग, एक्झॉस्ट सगळं नव्याने करावं लागतं. एकदा पत्र्याला कटर लागला की परतीचा रस्ता महाग होतो.

शिवाय तुमची तक्रार आवाजाची आहे, ताकदीची नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बसवला की तेच साधारण ३२०० वर येतं. तेव्हा जादा पैसे भरले की कारखान्यातून हाच मिळायचा, त्यामुळे याला मी बदल म्हणतच नाही. काम मात्र मोठं आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतात. फोर्डच्या टाइप ९ गिअरबॉक्सचं पाच गिअरचं किट घ्यायचं तर घ्या, फक्त जुना बॉक्स भंगारात देऊ नका.

इग्निशन डोळे मिटून इलेक्ट्रॉनिक करा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली ते दिसतही नाही. जुने पॉइंट (ठिणगीसाठीचे यांत्रिक संपर्क) डिकीत असू द्या. पेट्रोलचे रबरी होजही बदला, कारण सप्टेंबर २०२१ पासून इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं.

व्ही८ चा मोह झाला तर सिलिंडरची संख्या बदलते, आणि ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटीतून (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीतून) मिळणारी सूट धोक्यात येते.

पण यातलं काहीही करण्याआधी सिल तपासा. या गाडीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला छत नाही, म्हणून बराचसा भार दारांखालच्या सिलवर येतो. गंजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून, रंग मारून विकलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. एक बाजू जॅकवर उचला आणि दार उघडून-लावून बघा. अडकायला लागलं तर झेटेकसाठी ठेवलेले पैसे वेल्डरकडे जाणार, आणि ते तिथेच जायला हवेत.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेटही मागवा. बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, गाडी कुठल्या देशासाठी बनली, हे त्यात येतं. पन्नास वर्षांत इंजिन आधीच कोणीतरी बदललेलं असू शकतं. तसं निघालं तर पुण्याचा बेत पुन्हा तपासावा लागेल, म्हणून गिअरबॉक्सची ऑर्डर त्यानंतरच द्या.