मुलासाठी ४९ सीसीची टू-स्ट्रोक एटीव्ही: काय बघून घ्यावी, निगा कशी राखावी?

शेतात आठ वर्षांच्या मुलाला चालवायला नवी एटीव्ही (जाड टायरची छोटी चारचाकी मोटारबाईक) घेताय, तर रंग-स्टिकर बाजूला ठेवा. थ्रॉटलला (म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला) वेग रोखणारा स्क्रू आहे का आणि मूल पडलं तर इंजिन बंद करणारी, मनगटाला अडकवायची दोरी आहे का, ते आधी बघा. क्लच, कार्ब्युरेटर, ब्रेकशू दुकानात मिळत नसतील तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

खरा प्रश्न ऑइलचा. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण देतं. नुसतं पेट्रोल भरलंत तर पिस्टन जाम होणार. प्रमाण पुस्तिकेत दिलेलंच ठेवा: २५:१ असेल तर १ लिटरला ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका, माप ठेवा. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा, नीट हलवा, मगच टाकीत ओता. ऑइल जासो (टू-स्ट्रोक ऑइलचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या, ते डब्यावर बघा.

पहिल्या टाकीला सलग फुल थ्रॉटल नको, मधूनमधून इंजिन थंड होऊ द्या. पहिल्या फेरीनंतर चाकांचे नट आणि चेनचा ताण तपासाच. धुळीत चालवली की एअर फिल्टर साफ करा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) तुंबतो.

आणि कळकळीने सांगतो, हेल्मेटशिवाय बसू देऊ नका, मागे दुसरं मूल नको, गाडी सार्वजनिक रस्त्यावर तर नकोच. चालवताना मोठं माणूस जवळ हवं.